चतकोर

औषधांच्या दुकानात नाव विचारलं नाही.
चार आकडे विचारले: सात, शून्य, शून्य, तीन.
ट्रॉलीबसमध्ये पुटपुटत आणलेले,
अंड्यांसारखे जपून.
मग ओळख क्रमांक. त्यातला दहावा आकडा विषम,
म्हणजे सरकारदरबारी पुरुष.
तिनं तो टाइप केला आणि मान वर न करता म्हणाली,
"या गोळ्या फार लहान असतात.
चार तुकडे करायला कटर घ्या, सुरीनं नुसता चुरा होतो."
एक्कावन्न वर्षांत मला कुणी
इतकं कामाचं काही सांगितलं नव्हतं.

कटर घेतला. जेल घेतलं.
निघताना तोंडातून गेलं, "येते."

दारावरची घंटी किणकिणली. बाहेर ग्दिनियाचा डिसेंबर,
आणि मी फुटपाथवर उभी,
दुकानातली वस्तू चुकून खिशात आल्यासारखी,
मागून कुणी हाक मारतं का बघत.

कारण इतकी वर्षं मी क्रियापदं चुकवत जगले.
तीस मीटर उंचावर, क्रेनच्या काचेच्या खोलीत,
वायरलेसवर फक्त वस्तूंबद्दल बोलायचं:
कंटेनर उतरला. वारा वाढला. काम झालं.
खालून गेरार्ड म्हणायचा, "आमचा हा अबोल आहे."
अबोल नव्हते रे.
गेलो, आलो, बसलो, उठलो,
प्रत्येक शब्दाच्या शेवटी एक बूट होता,
दोन नंबर मोठा, बाबांचा.

बाबांचा सात कप्प्यांचा डबाही माझ्याकडेच,
हृदयाच्या गोळ्यांचा. गुरुवारचं झाकण तुटलेलं.
गुरुवारी गेले असते तर सांगायला बरं झालं असतं.
गेले रविवारी, बोटांना हेरिंगचा वास असताना.
डब्यावर त्यांचं आडनाव शाईनं.
त्याच्याआधी मी पेन्सिलीनं लिहिलं: यागोदा.
पेन्सिलीनं, कारण खोडता येतं.

पहिला चतकोर कटरमधून उडाला, फ्रिजखाली गेला.
गुडघे टेकून, टॉर्च लावून,
धुळीतून काढला, फुंकला, गिळला.
देवळात इतकी कधी वाकले नव्हते.

जेल मांडीवर. पाच मिनिटं वाळू द्यावं, असं कागदावर.
पाच मिनिटं स्वयंपाकघरात, उघड्या मांडीनं,
समोरच्या इमारतीत कुणी बाई नाताळचा कार्प खवलत होती,
खवले नळाखाली उडत होते,
तिनं पाहिलं असेल किंवा नसेल.
काही झालं नाही.
सहाव्या मिनिटालाही नाही.
आरशात तेच नाक, हनुवटीवर तीच निळसर सावली.
लेझरचे पैसे मार्चपर्यंत साठतील.

तेविसाव्या दिवशी क्रेनच्या शिडीवर थबकले.
जॅकेटच्या आतून येणाऱ्या घामाला
लोखंडाचा वास नव्हता.
कसला होता, सांगता येत नाही. ओल्या पिठाचा?
हुंगत राहिले कॉलर, कुत्र्यासारखी,
खालून गेरार्ड ओरडला, "काय, चक्कर आली का?"

आणि आज, सहाव्या आठवड्यात,
सुरक्षापट्टा छातीवर आवळला, तर दुखलं.
उजवीकडे. मसुराच्या दाण्याएवढं.
इतकं, की शिडीचा गज धरून डोळे मिटले.
मग पट्टा एक भोक सैल केला.
एकच.
डावीकडे अजून काही नाही. डावी बाजू नेहमीच आळशी.

वर आले. समुद्र राखाडी,
एक डॅनिश जहाज ताटकळत होतं.
वायरलेस खरखरला: "पोचला का वर?"
बटण दाबलं. जिभेवर दोन्ही शब्द होते,
जुना जवळचा होता, सवयीनं पुढे सरकला,
मी त्याला अडवलं, तोवर "पोच" एवढंच गेलं,
उरलेलं अक्षर वाऱ्यानं खाल्लं.
"काय? तुटलं मध्येच. पुन्हा सांग."

सांगते, थांब.
हातमोजा काढते आधी,
अंगठा नीट बसू दे बटणावर.